तीस डेसिबलच्या खाली

संध्याकाळी घरात आवाज करणाऱ्या गोष्टी नऊ होत्या. पहिला टीव्ही. दुसरं आईचं शिवणयंत्र, तिसरा त्याच यंत्राच्या पायट्याचा कुरकुराट, जो यंत्राच्या तालात कधीच नसे. चौथा छताचा पंखा. दर फेऱ्याला तो एकदा टक् करी. पाचवा मिक्सर, सहावा मोरीतला नळ. सातवा दादा, जो फोनवर बोलताना पलीकडचा माणूस विहिरीत पडल्यासारखा ओरडे. आठवं त्याचं बाळ. आणि नववी वहिनी, कारण या आठांच्या वरून बोलायचं तर तिला बिचारीला दुसरा इलाज नव्हता.

हे सगळं मोजणारी मुलगी बाहेरच्या खोलीत पडद्याआडच्या कॉटवर बसली होती. हातातला मीटर तिने कामावरून मागून आणला होता. टीव्ही एकटा अठ्ठ्याहत्तर डेसिबल भरला. यंत्र एकाहत्तर, मिक्सर सत्त्याऐंशी. बाळाने भुकेच्या वेळी चौऱ्याण्णव गाठले.

“काय निघालं?” वहिनीने पडद्यातून डोकं आत घालून विचारलं.

“तुझं पोरगं पहिलं आलंय.”

“येऊ दे. बाप कधी आला नाही, निदान हे तरी येतंय.”

घरात तिला मोजपट्टी म्हणत. लहानपणी तिने दादाच्या आणि आपल्या दुधाच्या पेल्यात पट्टी बुडवून कुणाला जास्त मिळालं ते पाहिलं होतं, तेव्हापासूनचं ते नाव. पुढे ती पदार्थविज्ञान शिकली आणि कानाच्या दवाखान्यात श्रवण तपासणीच्या कामाला लागली, तेव्हा नाव सार्थकी लागलं असं आई म्हणाली. लोकांना किती ऐकू येतं ते मोजायचं, हा तिचा पेशा झाला. आपल्याला थोडं कमी ऐकू आलं तर बरं, ही तिची इच्छा.

दोन खोल्या आणि सहा माणसं. टीव्हीची पाठ तिच्या पडद्याला लागलेली. टीव्हीसमोर बाबांची खुर्ची. बाबांनी उभी हयात कारखान्यात पत्रे ठोकणारा प्रेस चालवला होता आणि निवृत्त झाल्यापासून तेवढ्याच नेमाने ते टीव्ही चालवत. बातम्या, मालिका, शेतीचं, मासेमारीचं, त्यांना काहीही चाले, फक्त आवाज मोठा हवा. कमी कर म्हटलं की “कमीच आहे” म्हणत.

मोजपट्टीचं डोकं दुखे, झोप तुटे, आणि अलीकडे कारण नसताना छातीत धडधड होई. तेव्हा तिने ठरवलं, मनःस्वास्थ्याचे जे काही उपाय लोक सांगतात, ते एकेक करून बघायचे, पण आंधळेपणाने नाही. उपायाआधी नाडी मोजायची, नंतर मोजायची, जो आकडा खाली आणील तो उपाय ठेवायचा, बाकीचे सोडायचे. घरी संध्याकाळी तिची नाडी अठ्ठ्याऐंशी असे. हा झाला पाया.

फोनवरच्या बाईच्या आवाजात श्वास घ्यायचा, धरायचा, सोडायचा, हे करून झालं. बाई म्हणे, “आता शांत समुद्राची कल्पना करा,” आणि नेमकं त्याच वेळी मालिकेतली सासू कुणाला तरी घराबाहेर काढे. नाडी नव्वद. रोज तीन चांगल्या गोष्टी आठवायच्या, हेही करून झालं. सुरुवातीला तीन सापडत. पुढे पुढे “आज मिक्सर लागला नाही” एवढ्या एकीवरच गाडी अडली. गार पाण्यात तोंड बुडवलं तर नाडी खरोखर खाली आली, पण तोंड पाण्यातून काढलं की परत होती तिथे. गच्चीत चालावं तर चौथ्या मजल्यावरच्या काकू तिथे आधीच चालत असत आणि त्यांना सोबत हवी असे.

“वन्सं, एक सांगू?” वहिनी म्हणाली. “तुम्ही शांत व्हायला बसलात ना, की मलाच धडकी भरते. चेहरा असा करता की बाळ रडायचं थांबून बघत राहतं.”

“म्हणजे उपयोग होतोय.”

“बाळाला होतोय.”

शेवटी उपाय सापडला तो कामावरच, काखेत कळसा तसा. दवाखान्यात तपासणीचा बूथ होता. लोखंडी पेटीसारखी छोटी खोली, जाड दार, दाराला रबराची कड, भिंतींना बारीक भोकांचे पत्रे, समोर दुहेरी काचेची खिडकी. रुग्ण आत बसतो, कानांना हेडफोन लावतो, हातात बटण घेतो. मोजपट्टी काचेबाहेर यंत्रापाशी बसून बारीक होत जाणारे सूर सोडते. सूर ऐकू आला की रुग्णाने बटण दाबायचं. एका दुपारी जेवायच्या सुट्टीत ती स्वतःच आत जाऊन बसली आणि दार ओढून घेतलं.

मीटर तीसच्या खाली मोजत नसे. आत तो आकडाच दाखवेना. नुसत्या दोन आडव्या रेघा. नाडी चौसष्ट.

तेव्हापासून डबा घाईने खाऊन ती रोज बूथमध्ये बसू लागली. कुणाला सांगितलं नाही. चोरून खाल्लेल्या खाऊसारखं तिला ते वाटे. आत समोरच्या पत्र्यावरची भोकं बघत बसायचं, बस्. डोकं दुखायचं थांबलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हल्ली चेहऱ्यावर तेज दिसतंय.

पण एक गोष्ट आकड्यांनीच सांगितली. बूथ सुरू केल्यापासून घरची नाडी उतरायच्या ऐवजी चढत होती. अठ्ठ्याऐंशीची ब्याण्णव झाली, मग शहाण्णव. उजेडातून अंधारात आलं की काही दिसत नाही, तसं शांततेतून घरात पाऊल टाकलं की पहिला अर्धा तास तिला घर सोसवत नसे. पंख्याची ती एक टक् पूर्वी कधी कानावर आली नव्हती. आता ती पुढच्या टक्ची वाट बघत पडून राही. दुपारची वीस मिनिटं गोड, आणि त्यांचं व्याज संध्याकाळी. सुटायचं म्हणून जे दार शोधलं, त्यानेच घर आणखी लहान करून ठेवलं होतं. जायला दुसरी जागा नव्हती.

अशाच एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरची शेजारीण आईकडे कपडे शिवायला टाकायला आली होती. बाळ रडत होतं, दादा विहिरीतल्या माणसाशी बोलत होता, आणि टीव्हीवर दोन माणसं एकमेकांवर खेकसत होती. मोजपट्टी पडदा सारून बाहेर आली. बाबांच्या हातातला रिमोट तिने ओढून घेतला.

“बाबा, तुम्ही बहिरे झालात. ठार बहिरे. मी रोज तुमच्यासारखी माणसं तपासते, मला विचारा. सगळ्या घराला कळतं, एक तुम्हालाच कळत नाही.”

शेजारणीने हातातलं कापड उगाच उलगडून परत त्याची घडी घातली. बाबांनी तिच्या हातून रिमोट घेतला, आवाज बंद करायचं बटण दाबलं, आणि रिमोट परत तिच्याच हातात ठेवला.

त्या दिवसापासून टीव्ही चाले, पण मुका. बाबा समोर बसत, चित्रं बघत. मोजपट्टीने माफी मागितली, एकदा पडद्याआडून, एकदा तोंडावर. ते म्हणाले, “अगं, मला तसंही दिसतंय सगळं.” तिने स्वतः आवाज वाढवला तर ते उठून गॅलरीत जात. एक टीव्ही गेला, तर बाकीचे आवाजही एकेक करून मागे सरले. वहिनी कुजबुजू लागली. दादा फोन घेऊन जिन्यात जाऊ लागला. आईचं यंत्र अडखळत चाले, जणू चोरून. तिला हवी होती ती शांतता घरबसल्या मिळाली होती. मीटर एक्केचाळीसवर आला.

नाडी एकशे दोन. चुकलं असेल म्हणून तिने पुन्हा मोजली. एकशे चार.

बाबांचं वागणंही विचित्र झालं होतं. आई शिवायला बसली की ते खुर्ची ओढून यंत्राला खेटून बसत, कान त्याच्याकडे करून, आणि आई थांबली की विचारत, “झालं? आज एवढंच?” मोरीचा नळ सोडून तिथेच उभे राहत. आई वैतागून म्हणाली, “पाण्याचं काय दर्शन घेताय?” पंख्याच्या बरोबर खाली चटई टाकून पडत, थंडी वाजत असली तरी. मोजपट्टीला वाटलं, हा सगळा रुसवा. आपल्याला धडा शिकवायचा चाललाय.

बूथही आता पहिल्यासारखा राहिला नाही. डोळे मिटले की तिला मुक्या टीव्हीसमोरचे बाबा दिसत. नाडी ऐंशीच्या खाली येईना. म्हणजे आत कोंडमारा, बाहेरही कोंडमारा. भोकं मात्र तेवढीच होती.

आणि एका दुपारी, डबा संपवून ती बूथच्या दाराशी पोचते तोच, बाबा दवाखान्यात येऊन उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, वर बटण लावलेलं, कारखान्यात वर्षातून एकदा साहेब यायचे तेव्हा घालायचे तसा. डॉक्टरीणबाई जेवायला गेल्या होत्या.

“तपासायचंय,” ते म्हणाले.

“कुणाला?”

“तुझ्या आजोबाला. मला, आणखी कुणाला? कागद पाहिजे. छापील. तुझी सही असलेला.”

“कशाला?”

“घरी लावतो दारावर. खालची ती बाई येता-जाता माझ्याशी हातवारे करून बोलते.”

तिने त्यांना आत बसवलं. खुर्ची ती नेहमी तिरकी ठेवी. बाबांनी ती सरळ काचेसमोर ओढून घेतली. “तू दिसली पाहिजेस,” म्हणाले. एवढं तरी म्हणाले, म्हणून तिने ती तशीच राहू दिली. हेडफोन लावला, बटण हातात दिलं, दार ओढलं.

उजवा कान. एक हजार हर्ट्झवर दहा डेसिबल. दोन हजारवर दहा. चार हजारवर दहा. मोजपट्टी थांबली. चार हजारवर तिच्या स्वतःच्या कानालाही सूर पंधरापर्यंत मोठा करावा लागे. उभा जन्म पत्र्याच्या प्रेसपाशी काढलेल्या माणसाचा कान पोरीपेक्षा तरणा, हे कुठल्याही पुस्तकात बसत नव्हतं. यंत्र बिघडलं म्हणावं तर सकाळचे सगळे रुग्ण ठीक मोजले गेले होते.

तिने वर पाहिलं. काचेपलीकडे बाबा तिच्याकडेच बघत होते, पण चेहऱ्याकडे नाही. जरा खाली. तिच्या उजव्या हाताकडे.

तिने बोट सुराच्या कळीवर ठेवलं आणि कळ न दाबताच खांदा किंचित हलवला. सूर गेलाच नाही. आतून बटण दाबलं गेलं, यंत्रावरचा दिवा लागला.

तेव्हा तिला लहानपणी ऐकलेलं आठवलं. कारखान्याच्या आवारात वर्षातून एकदा तपासणीची गाडी यायची. ज्याचा कान गेला असं निघे त्याला प्रेसवरून काढून गोदामात खोकी मोजायला बसवत, आणि प्रेसवाल्यांत त्यासारखी नामुष्की नव्हती. मग जेवताना ते एकमेकांना शिकवत: तपासनिसाच्या हाताकडे बघायचं, हात दिसला नाही तर खांद्याकडे, खांदाही दिसला नाही तर त्याच्या चष्म्यात. घरी हा किस्सा बाबा दरवेळी कुणा दुसऱ्याच माणसाचा म्हणून सांगत आणि सगळे पोट धरून हसत.

आत बाबांनी हेडफोन जरा सरकवून ओठांनीच विचारलं, “पास?”

यंत्राच्या कागदावर सरळ, सुंदर रेघ उमटली होती. सही केली की काम झालं. बाबा कागद घेऊन ताठ मानेने घरी जातील, टीव्ही परत बोलू लागेल, खालच्या बाईचे हातवारे थांबतील, आणि खोटं कुणालाच कळणार नाही. आणि खुर्ची फिरवा म्हटलं, तर तो रिमोट ओढून घेण्यासारखाच दुसरा अपमान ठरेल, आणि हा ते विसरणार नाहीत. मोजपट्टीने पेन उचललं. मग खाली ठेवलं, उठली, बूथमध्ये गेली आणि आतून दार ओढून घेतलं. दुसरी खुर्ची नव्हती. ती त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली.

बाबांनी हेडफोन काढला. “काय झालं?”

“काही नाही. मी इथे रोज येऊन बसते. जेवायच्या सुट्टीत.” ती हळू बोलली, पण त्यांच्याकडे तोंड करून.

“इथे? एकटी?”

“हो.”

“आमच्यापासून लांब.”

“आवाजापासून.”

“आवाज काय आभाळातून पडतो होय? आमचाच ना तो?”

बाबांनी भिंतीच्या भोकांवरून हात फिरवला. मग दोन्ही तळवे कानांवर दाबले, काढले, परत दाबले.

“तुला इथे बरं वाटतं?” त्यांनी विचारलं. “कमाल आहे. मला तर दार उघड असं झालंय. इथे तर ती नुसती बोंबलतेय.”

“कोण?”

“शिट्टी.”

“कसली शिट्टी?”

“असते. कानात. प्रेसवर होतो तेव्हा कळायची नाही, त्या धडधडीत कशाला कळतेय. घरी बसलो आणि सुरू झाली. सुरू कसली, आधीपासूनच होती, ऐकू यायला लागली. टीव्ही जरा मोठा असला की दबते. यंत्र चालू असलं की दबते. नळाने थोडी.” ते हसल्यासारखं करून म्हणाले, “तुझ्या आईला वाटलं मी पाण्याचं दर्शन घेतोय.”

“तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“काय बोलू? घरात आणखी एक आवाज आहे म्हणून? तुझे नऊ मोजून झाले होते.”

मोजपट्टीने खाली पाहिलं. त्या दिवसापासून घर शांत होतं, आणि त्या शांततेत बाबा दिवसभर, जागे असेपर्यंत, कुणासोबत बसून होते ते तिला आता कळलं.

“बाबा, ती कशी आहे ते मला शोधता येईल,” ती म्हणाली. “मी एकेक सूर लावते. तुम्ही सांगायचं, शिट्टीपेक्षा वर आहे की खाली. यात पास-नापास नाही.”

“बरं.”

ती उठली. दाराशी पोचली तेव्हा बाबा म्हणाले, “थांब.” खुर्चीचे पाय जमिनीवर खरडल्याचा आवाज झाला. बाबांनी खुर्ची काचेकडून पूर्ण फिरवून भिंतीकडे केली होती. आता काचेतून त्यांची फक्त पाठ दिसणार होती, आणि इस्त्रीची सरळ रेघ.

“लाव आता,” भिंतीकडे बघत ते म्हणाले.

तिने त्यांना हेडफोन परत चढवला आणि बाहेर येऊन आधी कान पुन्हा मोजले; या वेळी रेघ खाली घसरत गेली. मग सूर लावत गेली. माइकमधून विचारे, थेट त्यांच्या हेडफोनमध्ये, मोठ्याने. त्यांची उत्तरं आतल्या माइकमधून बाहेर येत.

“ही?”

“नाही. ही जाड आहे.”

“ही?”

“वर घे.”

“ही?”

“आता फार वर गेलीस. तुझ्या आईच्या रागापर्यंत गेलीस. जरा उतर.”

“ही?”

पाठ ताठ झाली.

“हीच,” बाबा म्हणाले. “ही बघ. हीच ती.” आणि मग, लहान मुलाला आपलं हरवलेलं खेळणं दुसऱ्याच्या हातात दिसावं तशा आवाजात, “तुला पण ऐकू येतेय?”

तिने आपला हेडफोन लावला आणि तोच सूर तेवढाच मोठा स्वतःच्या कानात सोडला. एका बिंदूवर टोचणारी, श्वासासाठीही न थांबणारी बारीक तार. त्यांना ती एवढी मोठी वाटत नसणार, गेलेल्या कानाला तोच सूर बारीक लागतो, हे तिला माहीत होतं. तरी तिने आवाज कमी केला नाही. अर्ध्या मिनिटात दात शिवशिवू लागले. ती तशीच बसून राहिली, आणि काचेतून बाबांची पाठ बघत राहिली.

“येतेय, बाबा,” ती माइकमध्ये म्हणाली.

डॉक्टरीणबाई जेवून आल्या तेव्हा त्यांनी कागद पाहिला आणि कानातल्या यंत्राबद्दल बाबांशी बोलल्या. यंत्राने ऐकू जास्त येईल, शिट्टी कदाचित मागे सरेल, कदाचित नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पहिल्या कागदाबद्दल मोजपट्टीने काही सांगितलं नाही. तो तिने घडी करून फाडला. दुसऱ्यावर सही केली. बाबांनी तो दारावर लावायचा विषय काढला नाही, खिशात ठेवला.

संध्याकाळी दोघं एकत्रच घरी पोचले. वहिनीने कुजबुजत विचारलं, “काय म्हणाले?” आणि मोजपट्टी नेहमीच्या आवाजात म्हणाली, “वहिनी, मोठ्याने बोल.”

तिने पडदा बाजूला केला, कॉटवरची उशी उचलली आणि बाबांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर टाकून बसली. रिमोट त्यांच्या हातात दिला. बाबांनी आवाज चालू केला, अगदी बेताचा.

“दबली?” तिने विचारलं.

“चालेल एवढं.”

“दबली का, ते विचारतेय.”

“नाही.”

“मग वाढवा.”

त्यांनी दोन घरं वाढवला आणि तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. आणखी दोन. मग आणखी. आतून आईचं यंत्र सुरू झालं, पायटा बेतालच कुरकुरला. बाळाने सूर लावला. दादा जिन्यातून आत आला आणि विहिरीतल्या माणसाला म्हणाला की थांब, आता ऐकू येत नाही. बाबांच्या खांद्यांतला ताठा हळूहळू उतरला आणि ते मासेमारीचं काहीतरी बघू लागले.

मोजपट्टीने मीटर मांडीवर ठेवला आणि दोन बोटं मनगटावर टेकवली.

शिट्टी: सहा हजार हर्ट्झ, सत्तर डेसिबल. टीव्ही: अठ्ठ्याहत्तर. नाडी: चौऱ्याऐंशी.